आगगाडीची किल्ली कुणाच्या हातात?

तर मंडळी, आज जरा भांडायचं ठरवून बसले आहे. भांडण घरातलंच आहे, पण चार लोकांसमोर मांडल्याशिवाय समोरचा पक्ष ऐकणार नाही अशी माझी खात्री झाली आहे.

नेहमी वाचणाऱ्यांना ठाऊक आहे, नव्यांसाठी सांगते. आमच्या 'ह्यां'ना छोट्या आगगाड्यांचा छंद आहे. खेळण्यातल्या म्हटलं की रागावतात, म्हणून 'मॉडेल रेल्वे' म्हणते. खऱ्या इंजिनाच्या आणि डब्यांच्या मोजून-मापून केलेल्या प्रतिकृती, विजेवर धावणाऱ्या, खऱ्यासारखे सांधे बदलून या रुळावरून त्या रुळावर जाणाऱ्या. मागच्या खोलीत आठ फूट बाय चार फुटांच्या प्लायवूडवर एक अख्खा घाट उभा आहे. त्यावरची झाडं वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची आहेत आणि माती म्हणजे आमच्याच घरची, धुऊन वाळवलेली चहापूड. म्हणजे या उद्योगात थोडा वाटा माझाही आहे, तेव्हा बोलायचा अधिकारही आहे!

ह्यांची मित्रमंडळी महिन्यातून एकदा आमच्याकडे जमतात. सगळे साठीच्या पुढचे, दोघे तर ऐंशीला टेकलेले. पोहे होतात, चहा होतो, गाड्या धावतात, आणि शेवटी गाडी हमखास एकाच स्टेशनात येऊन थांबते. "आपल्यानंतर हे कोण करणार?" मग एक सुस्कारा. मग, "हल्लीच्या मुलांना कशात रस आहे हो? मोबाइलमधून मान वर काढतील तर ना!"

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता पोह्यांबरोबर तेही वाढावं लागेल. माझं म्हणणं याच्या नेमकं उलटं आहे. मुलांना रस आहे, भरपूर आहे. रस्ता आपण अडवला आहे. या छंदाची किल्ली आपण खिशात घालून बसलो आहोत आणि वर तक्रार करतो आहोत की कुणी दार उघडत नाही.

आधी रस नाही या म्हणण्याचा निकाल लावू.

आमच्या भाचीचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. त्याला कुठलंही इलेक्ट्रिक इंजिन दाखवा, ते डब्ल्यूएपी-७ आहे की आणखी कुठलं, अजनी शेडचं आहे की कल्याणचं, हे तो लांबून सांगतो. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून मित्रांबरोबर फलाटाच्या टोकाला जातो आणि गाड्यांची चित्रफीत घेतो. अशी मुलं एक-दोन नाहीत. भारतीय रेल्वेवर प्रेम करणाऱ्यांचा आयआरएफसीए नावाचा गट १९८९ पासून आहे, आणि आता यूट्यूबवर तर शाळा-कॉलेजातल्या मुलांनी काढलेल्या गाड्यांचा पूर आला आहे. कुठली गाडी कुठे 'क्रॉसिंग'ला थांबली, कुठल्या गाडीला 'ऑफलिंक' म्हणजे नेहमीपेक्षा वेगळं इंजिन लागलं, यावर ही मुलं तासन्‌तास वाद घालतात. भाऊजी, ही तुमचीच भाषा आहे! मोबाइलमध्ये मान घालून ही मुलं बघतात काय, तर आगगाडीच.

कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. १९९८ साली ते सुरू झालं. तिथे मी शाळेच्या मुलांना घेऊन गेले आहे आणि निवृत्तीनंतर नातवंडांनाही. दिवे मंद होतात, गाड्या सुटतात, आणि वर्गात दोन मिनिटं स्वस्थ न बसणारी पोरं श्वास रोखून उभी राहतात. हे माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे.

आणि जर्मनीतलं हॅम्बुर्ग बघा. तिथलं 'मिनियाटुर वुंडरलँड' फ्रेडरिक आणि गेरिट ब्राऊन या जुळ्या भावांनी २००१ साली सुरू केलं. हे दोघे काही म्हातारे छांदिष्ट नव्हते. तिशीतले, नाचगाण्याचा क्लब चालवणारे तरुण! २००० साली झुरिकमध्ये फिरताना फ्रेडरिकला मॉडेल रेल्वेचं एक दुकान दिसलं, लहानपणचं वेड जागं झालं, आणि त्याने भावाला फोन करून सांगितलं की आपण जगातली सगळ्यात मोठी मॉडेल रेल्वे बांधायची. आज तिथे वर्षाला दहा लाखांहून जास्त माणसं येतात. तिथली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जागोजागी बघणाऱ्यांसाठी बटणं बसवलेली आहेत. बटण दाबलं की समोर काहीतरी हलतं, काहीतरी घडतं. म्हणजे येणाऱ्या पोराने नुसतं बघायचं नाही, काहीतरी करायचं.

तर रस नाही हे म्हणणं इथे संपलं. आता खरं दुखणं बघू.

काही वर्षांपूर्वी एका हॉलमध्ये अशाच गाड्यांचं प्रदर्शन होतं. कुठे, कुणाचं, ते सोडा. टेबलाभोवती दोरी, दोरीला पाटी, 'कृपया स्पर्श करू नये'. सात-आठ वर्षांची एक मुलगी बराच वेळ दोरीला चिकटून उभी होती. शेवटी धीर करून तिने विचारलं, "आजोबा, मी चालवू?" आजोबा प्रेमळच होते. म्हणाले, "नाजूक असतं हं बाळ ते. तू बघ." ती थोडा वेळ बघत राहिली, मग गेली. आणि दहाच मिनिटांनी पन्नाशीचे एक गृहस्थ आले, त्यांना तोच कंट्रोलर हातात मिळाला. त्यांनी गाडी वळणावर पाडलीसुद्धा! कुणी काही बोललं नाही.

संग्रहालयात हात लावू देत नाहीत हे मी समजू शकते. ते संग्रहालय आहे, हजारो माणसं येतात. पण छंद असा देता येत नाही. पेटी शिकायला आलेल्या मुलाला वर्षभर पेटीला हात न लावू देणारा मास्तर तुम्ही बघितला आहे का? असा मास्तर असेल तर मूल दुसऱ्या महिन्यात यायचं बंद होईल, आणि मास्तर सांगत सुटेल की हल्लीच्या मुलांना संगीतात रस नाही.

आता अमेरिकेतली एक गोष्ट सांगते. ही गोष्ट मला इतकी आवडते की ह्यांच्या मित्रांना मी ती तीनदा ऐकवून झाली आहे.

एमआयटी नावाची जगप्रसिद्ध तंत्रज्ञान संस्था आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी १९४६ साली मॉडेल रेल्वेचा एक क्लब काढला. क्लबात दोन तट होते. एकांना डबे रंगवायला, डोंगर-झाडं करायला आवडायचं. दुसरे टेबलाखाली शिरलेले असायचे, कारण त्यांना गाड्यांपेक्षा गाड्या चालवणाऱ्या तारांचं आणि स्विचांचं वेड होतं. टेलिफोन कंपनीकडून मिळालेले रिले वापरून त्यांनी अशी यंत्रणा बांधली होती की टेलिफोनची तबकडी फिरवून गाडी निवडता यायची. ('हे' टेलिफोन खात्यातले, त्यामुळे इथे त्यांचे डोळे चमकतात.) पुढे हीच मुलं रात्र-रात्र संगणकावर बसू लागली. आज आपण जो 'हॅकर' शब्द वापरतो तो, त्याच्या मूळच्या चांगल्या अर्थाने, या क्लबाच्या बोलीतून संगणकाच्या जगात आला. १९६२ साली 'स्पेसवॉर' हा सुरुवातीच्या काळातला प्रसिद्ध संगणकखेळ करणारा स्टीव्ह रसेल याच क्लबातला. स्टीव्हन लेव्ही या पत्रकाराने १९८४ साली 'हॅकर्स' नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात हे सगळं आलं आहे.

आणि त्याच पुस्तकात क्लबाचा एक नियम दिला आहे. नव्या मुलाने लेआउटवर चाळीस तास काम केलं की त्याला खोलीची किल्ली मिळायची. स्वतःची किल्ली! मग त्याने रात्री दोनला यावं, पहाटे पाचला यावं. चाळीस तास म्हणजे किती? रोज दोन तास धरले तर वीस दिवस. वीस दिवसांत त्यांनी अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांच्या हाती सगळा डोलारा सोपवला.

आपल्याकडे? पस्तीस वर्षांत या खोलीची किल्ली घरातल्या एकाही मुलाला मिळालेली नाही. खोली उघडते ती 'हे' असतील तेव्हाच.

किल्ली दिली नाही तर काय होतं तेही बघा. इंग्लंडात बर्मिंगहॅमला वॉर्ली क्लबाचं मॉडेल रेल्वे प्रदर्शन दरवर्षी भरायचं, तिथल्या सर्वांत मोठ्या प्रदर्शनांपैकी एक. नोव्हेंबर २०२३ चं प्रदर्शन शेवटचं ठरलं. गर्दी आटली म्हणून नव्हे. वर्षानुवर्षं राबणारी मंडळी थकली आणि त्यांच्या जागी कामं अंगावर घेणारं कुणी मिळेना, म्हणून क्लबाने २०२४ च्या सुरुवातीला थांबण्याचं जाहीर केलं. बघायला येणारे होते, पुढे चालवणारे नव्हते. मला वाटतं, आपल्या सगळ्या तक्रारीचं उत्तर या एका गोष्टीत आहे. आपण प्रेक्षक तयार केले, वारस तयार केले नाहीत.

आता भाऊजींचे आक्षेप. ते मी न्यायाने मांडते, नाहीतर पुढच्या वेळी पोह्यांना नावं ठेवतील :)

पहिला आक्षेप, जागा. "दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये लेआउट कुठे मांडणार?" खरं आहे, आठ बाय चारची फळी मांडायला जागा नाही. पण आठ बाय चार पाहिजे हे सांगितलं कुणी?

थोडं गणित करू. जगात सगळ्यात जास्त चालणारं माप एचओ, म्हणजे खऱ्याच्या ८७ वा भाग. आपला नवा एलएचबी डबा साडेतेवीस मीटर लांब असतो, तो या मापात २७ सेंटिमीटर होतो. शाळेच्या पट्टीएवढा. एन नावाचं माप १६० वा भाग, त्यात तोच डबा पंधरा सेंटिमीटरच्या आत येतो. इंग्लंडच्या हॉर्नबी कंपनीने २०२२ साली मधलं, १२० व्या भागाचं माप बाजारात आणलं ते लहान घरं डोळ्यांसमोर ठेवूनच. जपानमधून आलेली टी-ट्रॅक नावाची एक पद्धत आहे, तिच्यात प्रत्येकाने जेमतेम फूटभर रुंदीची पेटी करायची, वर रूळ बसवायचे आणि जमलं की सगळ्यांनी आपापल्या पेट्या टेबलावर एकमेकींना जोडायच्या. एका मुलाकडे पूल, दुसरीकडे स्टेशन, तिसऱ्याकडे उसाचं शेत. भिशीसारखं, प्रत्येकाने आपला वाटा आणायचा.

त्याहून सोपं सांगते. अ‍ॅलन राइट या इंग्रज छांदिष्टाचा 'इंगलनूक' नावाचा एक आराखडा आहे. फक्त तीन रूळ. एकावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोघांवर तीन-तीन. एक इंजिन, आठ वाघिणी. चिठ्ठ्या टाकून पाच वाघिणी आणि त्यांचा क्रम ठरवायचा आणि इंजिन मागेपुढे करून त्याच क्रमाने गाडी लावायची. एन मापात हे सगळं तीन फुटांच्या फळीवर बसतं आणि खेळ झाला की फळी कपाटावर जाते. आता आठातून पाच वाघिणी क्रमाने किती प्रकारे लागतात? आठ गुणिले सात गुणिले सहा गुणिले पाच गुणिले चार, म्हणजे ६७२०. रोज एक कोडं सोडवलं तरी अठरा वर्षं पुरेल!

दुसरा आक्षेप, पैसा. हा खरा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. परदेशी बनावटीचं चांगलं इंजिन आज पंधरा-वीस हजारांना सहज पडतं. मध्यमवर्गीय घरातलं मूल एवढा हट्ट करूच शकत नाही, आणि करूही नये. पण पैशाचं कारण सांगणाऱ्यांच्याच कपाटात कितीतरी इंजिनं खोक्यातून बाहेर न काढलेली पडून आहेत. खोकं उघडलं की म्हणे किंमत उतरते! छंद कुठे संपला आणि साठवण कुठे सुरू झाली, हे ज्याचं त्याने तपासावं.

शिवाय इंजिन सोडलं तर बाकीच्याला पैसा लागत नाही. पुठ्ठा, सनबोर्ड, उदबत्तीच्या काड्या, चहापूड. नाहीतरी आपल्या गाड्यांचे डबे दुकानात सहज मिळत नाहीत, ते करावेच लागतात. यात मुलांना देण्यासारखं एक फार सुंदर काम आहे. आपली बार्शी लाइट रेल्वे आठवते? एव्हरार्ड कॅलथ्रॉपने उभारलेली, १८९७ साली सुरू झालेली, मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूरची छोटी गाडी. आता ते सगळे रूळ ब्रॉडगेज झाले. तिच्या दोन रुळांमधलं अंतर होतं ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागा, पावणेनऊ मिलिमीटर येतात. आणि एन मापाचे जे रूळ बाजारात मिळतात त्यांचं अंतर बरोबर नऊ मिलिमीटर! म्हणजे एन मापाचं साधं, स्वस्तातलं, जुनं चाललेलं इंजिन घ्यायचं, त्याच्यावर पुठ्ठ्याचं बार्शी लाइटचं अंग चढवायचं, मागे पुठ्ठ्याचे डबे लावायचे. वारीला जाणाऱ्या आपल्या आजी-पणजीची गाडी पुन्हा चालू. शकुंतला रेल्वेचं मापही तेच. हे काम मुलांचं आहे, पण त्यांना हे सांगणार कोण? आपण त्यांना डबा बघायला बोलावतो, करायला बोलावत नाही.

तिसरा आक्षेप, "त्यांना खऱ्या गाड्यांची मजाच माहीत नाही." म्हणजे वाफेच्या. इथे मात्र मला सौम्य बोलणं जमत नाही.

भाऊजी, आपल्या ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित गाडी १९९५ साली थांबली. आज बारा वर्षांच्या मुलाच्या आईनेसुद्धा ती नीट पाहिलेली नसेल. त्या मुलाची गाडी कुठली? २०२२ साली सुरू झालेली पुण्याची मेट्रो. २०२३ पासून पुण्यावरून जाणारी मुंबई-सोलापूर वंदे भारत. ही गाडी लेआउटवर आणा म्हटलं की नाकं मुरडली जातात, "त्यात काय बघायचं, प्लास्टिकचा डबा!"

इतिहास जरा आठवा. जर्मनीच्या मेर्क्लिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत वाढवता येणाऱ्या रुळांची गाडी आणली. फ्रँक हॉर्नबीने १९२० साली किल्लीच्या आगगाड्या विकायला काढल्या. त्या गाड्या घेणारी मुलं काही जुन्या आठवणी उगाळत नव्हती. घरामागून आज सकाळी जी गाडी गेली तीच त्यांना संध्याकाळी सतरंजीवर हवी होती. छंद सुरू झाला तो चालू काळाचा म्हणून. आपल्या पिढीने त्याचं श्राद्धाचं ताट करून टाकलं. वाफेची इंजिनं मलाही आवडतात, त्यांची शिट्टी मलाही व्याकूळ करते. पण माझी व्याकुळता नातवाने वारसाहक्काने घ्यावी ही अपेक्षा चुकीची आहे. त्याला त्याची गाडी करू द्या. ती करता करता एक दिवस तोच विचारेल की डेक्कन क्वीन १९३० साली कशी दिसायची.

चौथा आक्षेप उघड कुणी बोलत नाही, पण जाणवतो. आता मुलं संगणकावर डब्याचं चित्र काढून थ्रीडी प्रिंटरवर तो छापून आणतात. अर्डुइनो नावाची चारपाचशे रुपयांची पाटी घेऊन सिग्नल चालवतात. फोनवरून गाडी पळवतात. आणि आपली मंडळी म्हणतात, "हे काही खरं मॉडेलिंग नाही. आम्ही पितळेचे पत्रे कापून डाख देत होतो."

डाख देणं ही मोठी कला आहे, वादच नाही. पण त्या एमआयटीच्या मुलांनी टेलिफोनचे रिले वापरले ते जुनी कला म्हणून का? त्यांच्या काळातली हाताशी असलेली यंत्रणा ती होती. ह्यांनी स्वतः भंगारातल्या टेलिफोन रिलेवर पहिला सिग्नल चालवला तेव्हा त्यांच्या वडिलांनी "हे कसलं खूळ" म्हटलंच होतं. प्रत्येक पिढी आपल्या हत्यारांनी काम करते. हत्याराला नाव ठेवलं की हात मागे जातो.

आता दोन गोष्टी ज्या आक्षेपांत येत नाहीत, कारण त्यांचा विचारच होत नाही.

एक, मुली. अमेरिकेत लायोनेल नावाची आगगाड्यांची मोठी कंपनी. १९५७ साली त्यांनी खास मुलींसाठी गाडी काढली, गुलाबी इंजिन आणि आकाशी, पिवळसर असे फिके डबे. कुणी घेतली नाही! मुलींना आगगाडी हवी होती, गुलाबी खेळणं नको होतं. (आज संग्राहक त्या गाडीला भरपूर पैसे मोजतात ही गंमत वेगळीच.) मुलींना वेगळं काही द्यायचं नाही, तेच द्यायचं आणि तितकंच द्यायचं. मंडळाच्या बैठकीत पस्तीस वर्षांत पोहे सोडून दुसऱ्या कामाला एकही बाई आत गेलेली मी पाहिलेली नाही. घोसाळ्याची झाडं मी स्वयंपाकघरातच केली. निम्मी मुलं दाराबाहेर ठेवायची आणि मुलं मिळत नाहीत म्हणायचं, हा कुठला हिशोब?

दुसरी गोष्ट पालकांसाठी, आणि ही मी शिक्षिका म्हणून सांगते. कृपा करून या छंदाचा क्लास काढू नका. "यातून विज्ञान शिकता येतं, गणित शिकता येतं" असं मीच वर गणितं घालून दाखवलं, आणि ते खरंही आहे. पण गोष्ट शिकण्याची झाली, तिला तक्ता आणि गुण आले की मुलांच्या चेहऱ्यावरचा रंग उडतो, हे मी चौतीस वर्षं फळ्याजवळ उभं राहून पाहिलं आहे. निबंधाच्या तासाला कोऱ्या कागदाकडे बघत बसणारी मुलं मधल्या सुट्टीत एकमेकांना लांबलचक चिठ्ठ्या लिहायची! २०१६ पासून शाळांतून अटल टिंकरिंग लॅब निघाल्या आहेत, प्रिंटर आणि सुटे भाग तिथे असतात. ते जरूर वापरावेत. पण 'आगगाडी प्रकल्प, दहा गुण' असं होऊ देऊ नये. गाडी रुळावरून घसरली तर कुणी ओरडणार नाही, एवढी एक जागा मुलांना असू द्या.

आता म्हणाल, एवढं तावातावाने बोलायला झालं काय? एक छंद बुडाला तर बुडाला. विटीदांडू गेला, पतंग कमी झाले, जग चालूच आहे.

सांगते. मंडळातले एक भाऊजी तीन वर्षांपूर्वी गेले. फार गुणी हात होता त्यांचा, एकेका डब्याला महिना लावायचे. मुलं परगावी. फ्लॅट रिकामा करायचा होता, दिवस चार होते. लेआउट दारातून निघेना, तेव्हा तो करवतीने कापला आणि भंगारवाल्याला दिला. मी मुलांना दोष देत नाही. त्यांना त्या गाड्यांमधलं काय माहीत होतं? लहानपणापासून 'हात लावू नको' एवढंच. वहिनी मला म्हणाल्या, "त्यांच्या हाताचं होतं हो, पण चालू कसं करायचं हेच कुणाला ठाऊक नव्हतं." प्लायवूड गेलं त्याचं दुःख नाही. बारीक डाख कसा द्यावा, वळणावर रूळ किती उचलावा, घाटाचा दगड कुठल्या रंगाने दगडासारखा दिसतो, हे त्यांच्या बोटांत होतं ते कुठल्याच दुसऱ्या बोटांत गेलं नाही. आणि त्याच शहरात, बसने अर्ध्या तासावर, फलाटाच्या टोकाला पंधरा वर्षांची पोरं उभी होती, ज्यांना हे सगळं हवं होतं.

मला रडू येतं ते या अर्ध्या तासाच्या अंतराचं.

म्हणून मंडळापुढे माझ्या मागण्या ठेवते. फार नाहीत, पाचच.

१. महिन्याच्या बैठकीत पहिला एक तास मोठ्यांनी कंट्रोलरला हात लावायचा नाही. गाड्या मुलं चालवतील. मोठ्यांनी खुर्चीवर बसून पोहे खायचे.

२. प्रत्येकाने आपल्या कपाटातलं एक जुनं इंजिन 'पडण्यासाठी' द्यायचं. ते पडेल, मोडेल. मोडलं की मुलांनाच उघडायला लावायचं. इंजिन आतून कसं असतं हे न मोडता कुणाला कळलं आहे?

३. नवा लेआउट मोठा करायचा नाही. फूटभराच्या पेट्या करायच्या, आणि मुलाने किंवा मुलीने केलेली पेटी कितीही वाकडी असली तरी जोडायची. रूळ जुळले म्हणजे पुरे.

४. कुठली गाडी करायची हे करणारा ठरवेल. मेट्रो, वंदे भारत, बार्शी लाइट, काहीही.

५. चाळीस तास काम केलेल्याला किल्ली.

पाचव्या मागणीवर घरात चर्चा झाली. "मोडतोड केली तर?" असं विचारलं गेलं. मी म्हटलं, करतीलच. वर्गातले खडू मुलांनी मोडले म्हणून मी कधी खडू कपाटात कुलूप लावून ठेवले नाहीत. मोडलेल्या खडूनेही अक्षर उमटतं.

भाचीच्या मुलाचे परवापर्यंत अकरा तास भरले आहेत, आणि त्याच्याबरोबर त्याच्या वर्गातली एक मुलगी येते तिचे चौदा. मी वहीत तारखेवार मांडून ठेवते आहे, हजेरी घ्यायची सवय काही जात नाही. नातलगांपैकी ज्यांची मुलं दहा वर्षांच्या पुढची आहेत त्यांनी पाठवून द्यावीत. कपडे जुने घालावेत, रंग लागतो.

आणि भाऊजी, तुम्ही हे वाचाल हे मला माहीत आहे. राग आला असेल तर या, भांडू. पोहे करते. येताना मात्र ते न उघडलेलं खोकं घेऊन या.